एमएक्स-5 साठी लोअरिंग स्प्रिंग: दोन मोसम, 14,000 किलोमीटर आणि एक प्लास्टिकची नळी

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, जर्मनीतल्या बॉनमधल्या आमच्या इमारतीच्या तळघरातून गाडी बाहेर काढताना, चढाच्या तोंडाशी मागच्या डाव्या चाकाकडून ‘टक्’ असा कोरडा आवाज आला. एखादी पळी पातेल्याच्या काठावर आपटावी तसा तो होता आणि पुढच्या प्रत्येक खड्ड्यावर तो पुन्हा येत राहिला. घरी परतल्यावर चाक काढून पाहिले, तेव्हा स्प्रिंगच्या एका टोकाकडच्या दाट वेटोळ्यांवर चढवलेली काळी प्लास्टिकची नळी लांबीत फाटून निम्मी गळून पडलेली दिसली. जिथे नळी नव्हती तिथे वेटोळ्याला वेटोळे घासून रंग उडाला होता आणि नखाएवढ्या रुंदीचे उघडे पोलाद चमकत होते. हा अनुभव लिहायला मी त्या नळीमुळे बसले आहे. स्प्रिंगबद्दलचे माझे मत या दोन मोसमांत दोनदा बदलले, परंतु नळीबद्दलचे बदललेले नाही.

गाडी 2019 सालची, 2 लिटर आणि 184 अश्वशक्तीची माझदाची एमएक्स-5 आहे. ती मी जुनी घेतली आणि कर व विमा वाचावा म्हणून मार्च ते नोव्हेंबर एवढ्याच काळाच्या हंगामी नंबरप्लेटवर चालवते. माझ्या गाडीवर मुळातच बिलस्टाइनचे डॅम्पर, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, आहेत. तरीही ती वळणात बरीच कलते आणि चाक व कमान यांच्यामध्ये चार बोटे सहज जातील एवढी फट दिसते, हे ही गाडी चालवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फट मला डोळ्यांना खुपत होती, कलणे फारसे खुपत नव्हते, हे प्रामाणिकपणे नोंदवते, कारण पुढच्या बऱ्याच चुका त्यातून झाल्या.

एप्रिल 2023 मध्ये लोअरिंग स्प्रिंगची, म्हणजे गाडी खाली उतरवणाऱ्या स्प्रिंगची, निवड करताना माझ्यासमोर चार-पाच पर्याय होते. बॉनहून फार दूर नसलेल्या झाउअरलांड भागात स्प्रिंगचा धंदा जुना आहे. 1951 मध्ये सुरू झालेली आयबाख फिनेनट्रोपची, तर एच अँड आर शेजारच्याच लेनेश्टाटची. त्यामुळे एका अर्थी मी उसाच्या फडात राहून ऊस निवडत होते. अखेरीस मी घेतलेला संच या दोन्हींपैकी कोणाचाही नाही. पुढची तक्रार मुख्यतः विक्रेत्याशी आणि एका भागाशी संबंधित असल्यामुळे उत्पादकाचे नाव येथे देत नाही. मी तो घेतला, कारण तो 259 युरोंना मिळाला आणि वर्णनात ‘30 मिलिमीटर’ असे लिहिलेले होते. नवे डॅम्पर आणि स्प्रिंग असलेला, उंची बदलता येणारा पूर्ण संच याच्या कित्येक पट महाग पडला असता आणि जे चांगले डॅम्पर गाडीवर आहेत ते उतरवून कपाटात ठेवणे मला पटत नव्हते.

259 युरो हा आकडा मात्र फार फसवा ठरला. बसवण्याचे 340, व्हील अलाइनमेंटचे 129, तपासणीचे 66 आणि गाडीच्या कागदांत नोंद करण्याचे 14 धरून पहिल्याच महिन्यात 808 युरो झाले. स्प्रिंगची किंमत पाहून कोणी निर्णय घेणार असेल, तर त्याने ती किमान तीनाने गुणावी.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी नोंदीचा भाग थोडक्यात सांगते. वाहन परवाना नियमावलीच्या कलम 19 नुसार स्प्रिंग बदलून तपासणी करून घेतली नाही, तर गाडीची वापर-परवानगीच रद्द होते आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळते. माझ्या स्प्रिंगसोबत ‘टाइलेगुटआख्टन’ नावाचा भागाचा दाखला आला. त्यात गाडीचा प्रकार, अक्षावरचा कमाल भार आणि चालणारी टायरची मापे दिलेली असतात. बदल केल्यावर गाडी लगेच तपासनिसाकडे न्यावी लागते. आमच्या तपासनिसांनी एक चाक उंच ठोकळ्यावर चढवून टायर कोठे घासतो का ते पाहिले, हेडलाइटचा झोत नव्या उंचीला जुळवून घ्यायला लावला आणि मग ते प्रत्येक स्प्रिंगवरचा छापील क्रमांक शोधू लागले. तीन स्प्रिंगांवर तो सहज दिसला. मागच्या डाव्या स्प्रिंगचा क्रमांक मात्र गॅरेजने आतल्या बाजूला वळवून बसवला होता, त्यामुळे त्यांना दंतवैद्याचा असतो तसा छोटा आरसा आणि विजेरी घेऊन पाठीवर झोपावे लागले. पांढऱ्या अक्षरांतले शेवटचे दोन आकडे प्लास्टिकच्या नळीखाली अर्धे झाकले गेले होते. त्यांनी बोटाने नळी किंचित सरकवली, क्रमांक वाचला आणि शिक्का दिला. नळी हाताने सरकते, हे मी त्या दिवशी पाहिले होते. तेव्हाच शंका यायला हवी होती.

सुरुवातीचे चार महिने मी या स्प्रिंगवर नाराज होते. गाडी दिसायला देखणी झाली होती, स्टिअरिंग फिरवताच नाक पटकन वळत होते, परंतु लहानसहान खड्ड्यांवर ती आडमुठेपणाने उडत होती. अहरच्या खोऱ्यातून आल्टेनाहरवरून आडेनाउकडे जाणाऱ्या बी 257 रस्त्यावर, जिथे पूर्वी मी निवांत जात असे, तिथे नवऱ्याने दोनदा थांबायला लावले. शिवाय 30 मिलिमीटरच्या नावाखाली गाडी पुढे 25 आणि मागे 20 एवढीच उतरली होती. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या काठापर्यंत टेप लावून मी बसवण्याआधी आणि नंतर मोजले होते. जुलैमध्ये मी एका मित्राला ‘हा संच घेऊ नकोस’ असे स्पष्ट कळवलेही होते.

ते मत मला मागे घ्यावे लागले. दोष स्प्रिंगचा नव्हता, बसवण्याचा होता. चाकाला धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्यांच्या मुळाशी रबरी बुश असतात. त्यांतल्या रबराची आतली व बाहेरची बाजू धातूच्या नळ्यांना चिकटवलेली असते, त्यामुळे दांडी वरखाली होते तेव्हा रबर पिळते आणि ते स्वतःच एका छोट्या स्प्रिंगसारखे वागते. म्हणूनच त्यांचे बोल्ट गाडी चारही चाकांवर नेहमीच्या उंचीला उभी असताना आवळायचे असतात. गॅरेजने ते गाडी लिफ्टवर लोंबकळत असतानाच आवळले होते. परिणामी गाडी खाली उतरली तेव्हा प्रत्येक बुश आधीच पिळलेला होता, तो गाडीला वर ढकलत होता आणि स्प्रिंगला मोकळेपणी काम करू देत नव्हता.

हे गॅरेजला पटवून देण्यात मला तीन आठवडे लागले. पहिल्या खेपेस ‘स्पोर्ट्स कारमध्ये असे असतेच’ हे उत्तर मिळाले, दुसऱ्या खेपेस स्प्रिंग बसायला वेळ लागतो असे सांगण्यात आले. तिसऱ्या खेपेस मी मोजमापांचा कागद आणि उत्पादकाच्या सूचनापत्रातले ते एक वाक्य अधोरेखित करून नेले, तेव्हा त्यांनी गाडी चाकांवर उभी ठेवता येणाऱ्या चार खांबांच्या लिफ्टवर घेतली, सगळे बोल्ट सैल केले, गाडी दोनचार वेळा दाबून सोडली आणि पुन्हा आवळले. सैल करताना मागचा एक बुश ऐकू येईल असा ‘कर्र’ करून मोकळा झाला. गाडी त्याच दिवशी पुढे 6 आणि मागे 7 मिलिमीटर खाली आली, म्हणजे एकूण 31 आणि 27. घरी जाताना खड्ड्यांवरचा तो आडमुठेपणा निम्म्याहून जास्त गेला होता. कामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मात्र उंची बदलल्यामुळे चाकांचे कोन पुन्हा जुळवावे लागले आणि त्याचे निम्मे, म्हणजे 64.50 युरो, माझ्याकडून घेतले. ही रक्कम मी द्यायला नको होती, असे माझे आजही ठाम मत आहे. कोणीही स्प्रिंग बसवून घेणार असेल, तर ‘बुशचे बोल्ट चाकांवर उभ्या गाडीत आवळले जावेत’ हे वाक्य कामाच्या पावतीवर लिहून घ्यावे.

मात्र आडमुठेपणा पूर्ण गेला नव्हता. उरलेल्याचा शोध मी पुढच्या मोसमात लावला आणि स्प्रिंग निवडताना काय पाहायला हवे होते ते तेव्हा कळले.

पद्धत साधी आहे. डॅम्परच्या दांड्यावरचे रबरी आवरण वर सरकवायचे, दांड्याभोवती प्लास्टिकचा केबल-टाय घट्ट पण सरकता बांधायचा आणि तो खाली डॅम्परच्या नळकांड्याला टेकवून ठेवायचा. चाक जेवढे वर येईल, तेवढा तो दांड्यावर वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. गाडी उभी असताना पुढच्या डॅम्परला बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरापर्यंत, किती मोकळी जागा आहे, हे मी स्प्रिंग बदलण्याआधी मोजून ठेवले होते: 38 मिलिमीटर. नव्या स्प्रिंगवर ती 18 राहिली. चाक 31 मिलिमीटर वर आले की डॅम्पर सुमारे 20 मिलिमीटर दबतो, कारण तो दांडीच्या टोकाला नसून मध्ये कोठेतरी जोडलेला असतो. म्हणजे डोळ्यांना दिसणारे ते 31 मिलिमीटर मी चाकाच्या मोकळ्या हालचालीतून दिले होते आणि निम्म्याहून अधिक हालचाल त्यात खर्च झाली होती.

आता स्प्रिंगचे गणित पाहा. एकच धक्का अर्ध्या अंतरात सामावून घ्यायचा असेल, तर ढोबळ मानाने स्प्रिंग चौपट ताठ हवी, कारण साठवलेली ऊर्जा अंतराच्या वर्गाने वाढते. माझी स्प्रिंग मूळच्यापेक्षा जेमतेम पाव पटीने जास्त ताठ आहे. उत्पादकाला ती याहून फार ताठ करताही येत नाही. मूळ डॅम्पर तसाच ठेवायचा असल्यामुळे स्प्रिंग जेवढी ताठ होईल, तेवढे तिला उसळण्यापासून रोखायला डॅम्पर कमी पडतो. पाव पटीने जास्त ताठ स्प्रिंगला साधारण 12 टक्के जास्त दमन, म्हणजे उसळी रोखण्याची ताकद, लागते आणि चांगला डॅम्पर तेवढे पेलतो. दुप्पट ताठ स्प्रिंगला 41 टक्के लागेल आणि तिथे गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर डोलत राहील. या दोन अडचणींच्या कात्रीत सापडलेल्या लोअरिंग स्प्रिंगला एकच वाट उरते: उरलेला धक्का बंप स्टॉपने झेलायचा. स्टॉप हा फेसाळ रबराचा तुकडा असतो. तो सुरुवातीला मऊ दबतो आणि मग झपाट्याने कडक होतो. मला जाणवणारा कडकपणा स्प्रिंगचा नव्हता, या रबराचा होता.

ही शंका मे 2024 मध्ये खरी ठरली. पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या वेळेत मी न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफेवर, म्हणजे 20.8 किलोमीटरच्या जुन्या मार्गावर, एकच फेरी मारली. तिथे फुक्सर्योर नावाचा एक उतार आहे. तो वळवळत खाली येतो आणि तळाशी गाडी अशी दाबली जाते की मान खाली जाते. त्या तळाशी मला पुढून एक बोथट ठोसा जाणवला. परत आल्यावर पाहिले, तर पुढचे दोन्ही केबल-टाय वर सरकून थेट बंप स्टॉपच्या रबरात अर्धे रुतले होते. एवढे अपेक्षितच होते. मला खरा धक्का बसला तो पुढच्या रविवारी, जेव्हा टाय पुन्हा खाली सरकवून, नवऱ्यासह आणि दोन बॅगा घेऊन, मी फक्त अहरच्या खोऱ्यात सावकाश फिरून आले आणि टाय पुन्हा त्याच जागी सापडले. साधारण 1,100 किलो वजनाच्या गाडीत दोन माणसे व सामान मिळून 160 किलो बसले की उरलेल्या 18 मिलिमीटरमधूनही काही जातात. एकटी असताना माझी गाडी स्प्रिंगवर चालते. दोघे असलो की ती बऱ्याचदा रबरावर चालते.

म्हणून कोणी मला आता स्प्रिंगबद्दल विचारले, तर ‘किती मिलिमीटर खाली जाते’ हा प्रश्न मी बाजूला ठेवायला सांगते. उतरल्यानंतर बंप स्टॉपपर्यंत किती मिलिमीटर उरतात आणि गाडीत नेहमी किती माणसे बसतात, हे दोन आकडे आधी हातात हवेत. माझ्या बाबतीत 15 ते 20 मिलिमीटर उतरवणारा संच योग्य ठरला असता. कलणे कमी करण्यासाठी पुढे थोडा जाड अँटिरोल बार, म्हणजे डावे-उजवे चाक जोडणारा दांडा, पुरला असता, कारण तो फक्त वळणात काम करतो आणि दोन्ही चाके एकदम दबतात तेव्हा आड येत नाही. फट थोडी दिसली असती. ती मी सहन केली असती.

तरीही या स्प्रिंगचे जे चांगले आहे ते लिहिणे भाग आहे. बोल्ट नीट आवळल्यानंतर एकटीने, कोरड्या रस्त्यावर, वळणावळणाच्या चढात ही गाडी जशी चालते, तशी ती मूळ स्प्रिंगवर कधीच चालली नाही. पुढच्या चाकांचा कँबर, म्हणजे उभ्या चाकाचा झुकाव, उतरल्यामुळे सुमारे 1 अंश आत झुकला आहे, त्यामुळे लांब वळणात बाहेरचा टायर पूर्ण रुंदीने रस्ता धरतो. 14,000 किलोमीटरनंतर टायर सारखे झिजले आहेत, कारण टो, म्हणजे चाकांची तोंडे किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन, नीट जुळवला होता. अलाइनमेंट टाळून वाचवलेले पैसे टायरवाल्याकडे जातात. स्प्रिंगही बसल्यानंतर फक्त 2 मिलिमीटर आणखी खाली आल्या आणि तिथे थांबल्या. पोलाद चांगले आहे, यात मला शंका नाही.

आणि म्हणूनच त्या नळीचा मला एवढा राग येतो.

या स्प्रिंगची वेटोळी एका टोकाला दाट आणि उरलेल्या भागात विरळ आहेत. दाट वेटोळी गाडीच्या वजनानेच एकमेकांना टेकतात. चाक लोंबकळते तेव्हा स्प्रिंग सैल होऊन आपल्या जागेवरून निसटू नये, हे त्यांचे मुख्य काम. टेकलेली वेटोळी प्रत्येक खड्ड्यावर किंचित उघडतात आणि मिटतात. त्या मिटण्याचा आवाज होऊ नये आणि रंग घासू नये म्हणून त्यांवर नळी चढवतात. ती लांबीत चिरलेली, वीतभर लांब, साध्या प्लास्टिकची असते. उन्हाने, चिखलाने आणि सततच्या चेमटण्याने माझी नळी दुसऱ्याच मोसमात ठिसूळ झाली.

आवाज ऐकला तेव्हा बाबा आमच्याकडे आलेले होते. त्यांनी तीस वर्षे एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत काढली आहेत आणि त्यांचा सगळा जन्म बसच्या स्प्रिंगच्या पाट्यांत गेला. मी बुशपासून डॅम्परपर्यंत सगळ्यांवर संशय घेत होते. ते मागच्या बाजूला उभे राहिले, दोन्ही तळव्यांनी डिकी दाबून सोडली, पुन्हा दाबून सोडली आणि म्हणाले, “अगं, लोखंड लोखंडाला लागतंय. सैल काही नाही. आम्ही पाट्यांच्या मधे ग्रीस भरायचो. ह्यात काय घालतात?” मी म्हटले, “बाबा, प्लास्टिकची नळी घालतात.” त्यांनी खाली वाकून तिचे तुकडे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो मिठाचा: हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ना?

टाकतात. माझी प्लेट नोव्हेंबरअखेर चालते आणि आयफेलच्या उंच रस्त्यांवर तोवर मीठ पडायला लागते. पूर्ण रंगवलेल्या स्प्रिंगचे ते काही बिघडवत नाही. परंतु जिथे रंग घासून गेला आहे तिथे गंज बारीक खळगा पाडतो, ताण त्या खळग्यात एकवटतो आणि एखाद्या थंड सकाळी वेटोळे तिथेच तुटते. तुटलेली स्प्रिंग हा जर्मनीतल्या नियमित तपासणीत नेहमी सापडणारा दोष आहे. ज्या जागी माझे पोलाद उघडे पडले, ती वेटोळे टेकण्याचीच जागा आहे, म्हणजे पाणी आणि मीठ जिथे अडकून राहते नेमकी ती.

विक्रेत्याला मी छायाचित्रांसह लिहिले आणि फक्त नळी मागितली. पहिले उत्तर आले की नळी हा सुटा भाग नाही, पूर्ण संच घ्यावा. म्हणजे वीतभर प्लास्टिकसाठी पुन्हा 259 युरो आणि त्यामागून येणारी सगळी मजुरी. दुसरे उत्तर आले की आवाज हा दोष मानला जात नाही. मी तिसऱ्या पत्रात आवाजाचा उल्लेखच केला नाही, फक्त घासलेल्या जागेचे छायाचित्र पट्टी लावून पाठवले आणि गंजामुळे स्प्रिंग तुटल्यास जबाबदारी कोणाची, हे लेखी मागितले. चार दिवसांनी पाकीट आले, त्यात चार नळ्या होत्या. पैसे मागितले नव्हते. चिठ्ठीही नव्हती.

बाबांचे परतीचे विमान गेल्या आठवड्यात होते. त्याआधीच्या शनिवारी आम्ही दोघांनी मिळून नळ्या बदलल्या. गाडी जॅकवर घेऊन चाक लोंबकळू दिले की दाट वेटोळ्यांत पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडते. उघडी जागा बारीक पॉलिश पेपरने घासून, पुसून, त्यावर जस्ताचा रंग दोनदा लावला. तो रात्रभर वाळू दिला आणि सकाळी नळी चढवताना ती सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना केबल-टाय आवळले. स्प्रिंगचा क्रमांक उघडा राहील इतपत नळी एका बाजूला ठेवली आहे. उरलेल्या तिन्ही नळ्याही सोलून पाहिल्या. मागच्या उजवीला चीर गेलेली होती, पुढच्या दोन्ही शाबूत होत्या, तरी त्याही बदलल्या.

आवाज थांबला आहे. 30 नोव्हेंबरला प्लेटची मुदत संपल्यावर गाडी तळघरात उभी राहील. मार्चमध्ये ती बाहेर काढण्यापूर्वी मागची दोन्ही चाके उतरवून तो जस्ताचा रंग तपासायचा आहे आणि त्याखाली तांबूस डाग दिसलाच, तर मागची जोडी 20 मिलिमीटरच्या संचाने बदलता येणार नाही, चारही बदलाव्या लागतील, कारण दाखला संपूर्ण संचाचा असतो. त्या खर्चाचा हिशेब मी आताच मांडून ठेवला आहे.